पाणीपाळीचा कोड कुणाच्या घरी

"कोड कुठं ठेवलाय?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

दूध डेअरीच्या खोलीत सहा-सात जण बसले होते. एकानं छताकडं पाहिलं. एकानं मोबाइल उलटा करून मांडीखाली घातला. मधोमध बसलेले बबनभाऊ म्हणाले, "म्याडम, कॉम्प्युटरमदी आसंल की."

"कुठल्या कॉम्प्युटरमध्ये?"

"ते आमाला काय म्हाईत. ते तुमचं काम."

हे वरच्या आळीचं उत्तर. अर्ध्या तासानं मी मारुतीच्या देवळामागं तात्यांच्या ओट्यावर तोच प्रश्न विचारला आणि खालच्या आळीचंही तेच उत्तर घेतलं. बबनभाऊ आणि तात्या एका खोलीत बसत नाहीत. त्यामुळं या गावात प्रत्येक मीटिंग दोनदा होते आणि चहाही दोनदा प्यावा लागतो.

मी सॉफ्टवेअरवाली. सतरा वर्षं हिंजवडीत नोकरी केली, आता वराळ्यात घरी बसून कामं घेते. नवं काही करणाऱ्यांचा तोटा नाही, म्हणून मी जुनं सांभाळते. ज्यानं लिहिलं तो निघून गेला, ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना कळत नाही, आणि एक दिवस ते बंद पडतं, असं सॉफ्टवेअर माझ्याकडं येतं. आई म्हणायची, हिच्या हातात दोऱ्याचा गुंता दिला की ही जेवायला उठत नाही. तिनं ते कौतुकानं म्हटलं नव्हतं, पण माझं पोट त्यावरच चाललंय.

हे गाव इंदुरीच्या पुढं, इंद्रायणीच्या काठी. नाव लिहीत नाही. तिथं मला अजून चहा मिळतो आणि तो पुढंही मिळावा अशी इच्छा आहे.

गावाचा एक पाणी गट आहे. नदीवर पंपहाऊस, तिथून तीन किलोमीटरची पाइपलाइन, तिच्यावर अडतीस जणांची शेतं. बरेचसे डच गुलाबाचे पॉलिहाऊस, काही भाजीपाला. पाइपच्या तोंडाशी ज्याचं रान त्याला पाणी आपोआप मिळतं. शेवटाला ज्याचं रान त्यानं आकाशाकडं बघायचं. बरीच वर्षं असंच चाललं होतं. मग गटानं एक सॉफ्टवेअर करून घेतलं. कुणाची पाळी कधी, किती मिनिटं, हे प्रोग्राम ठरवायचा. पंपहाऊसमधल्या एका डब्याला तो हुकूम द्यायचा, डबा मोटार चालू करायचा, त्या त्या शेताचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज जायचा. माणसाचा हात कुठंच लागायचा नाही. माणसाच्या हातावर या गावाचा विश्वास नव्हता, म्हणून तर मशीन आणलं.

त्या आठवड्यात लाइटीचा झटका बसून तो डबा जळाला. तसला डबा आता मिळत नाही. गटानं नवा आणून बसवला, पण त्याची हुकूम घ्यायची पद्धत निराळी. जुना प्रोग्राम बोलायचा, नवा डबा ढिम्म. प्रोग्राममध्ये थोडा बदल केला की काम होणार होतं. माझ्या हिशेबानं एक दिवस, चाचणीसकट दीड.

फक्त बदल करायला कोड पाहिजे होता.

हे जरा समजावून सांगते. प्रोग्रामर जे लिहितो तो सोर्स कोड. तो माणसाला वाचता येतो. त्यापासून मशीनला चालवता येईल असा प्रोग्राम तयार करतात आणि तो सर्व्हरवर, म्हणजे कायम चालू असलेल्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर ठेवतात. सर्व्हरचा लॉगिन गटाच्या सेक्रेटरी वंदनाताई यांच्याकडं होता आणि तिथं तयार प्रोग्राम मला लगेच सापडला. पण त्याचा उपयोग नव्हता. शिजलेल्या भातातून परत साळ काढता येत नाही. साळ कुठंतरी ऑनलाइन कोठारात ठेवलेली असते. आमच्या भाषेत रिपॉझिटरी. जगात असली कोठारं चालवणाऱ्या मोठ्या वेबसाइट आहेत. खातं काढायचं, कोड ठेवायचा, पासवर्ड सांभाळायचा.

"नवाच प्रोग्राम लिहा ना मग," असं तात्यांच्या ओट्यावर एक जण म्हणाला. लिहिला असता. पण कुणाला किती मिनिटं, कुणाच्या दोन पाळ्या एकत्र, कुणाचं रान उताराला म्हणून तीन मिनिटं कमी, हे सगळं चौदा बैठका घेऊन ठरलं होतं आणि कोडखेरीज कुठंही लिहिलेलं नव्हतं. मला नवा लिहायला महिना लागला असता. त्यांना ते परत ठरवायला किती, ते त्यांच्या मारुतीलाच ठाऊक.

वंदनाताईंनी मला त्यांच्या रानात नेलं. माहेर लोणावळ्याचं, वडील रेल्वेत. लग्न होऊन खालच्या आळीत आल्या आणि नवऱ्याच्या वाट्याला पाइपच्या अगदी शेवटचा तुकडा आला. तिथं त्यांनी अर्ध्या एकराचा पॉलिहाऊस उभा केला. शेजारी काळा कागद अंथरलेलं छोटं शेततळं. त्यात एक बांबू रोवलेला आणि बांबूवर सुतळीच्या गाठी.

"एक गाठ म्हणजे एक दिवस," त्या म्हणाल्या. पाण्याच्या वर चार गाठी उघड्या होत्या आणि पाण्याखाली चार दिसत होत्या.

"लाइनीला पाणी येतच नाही?"

"सोमवारपासून व्हॉल्व्ह हातानं फिरवतायत. वरून निघतं, मधे संपतं. कुणाला विचारलं की म्हणतात, आमी तर सोडलं." त्या सासरची भाषा बोलता बोलता माहेरच्या भाषेवर आल्या. "मॅडम, झाडं तीन वर्षांची आहेत. एप्रिलात आठ दिवस पाणी तुटलं की संपली. आणि माझी एकटीची नाहीत. शेवटाला आम्ही सात घरं आहोत. बाकीची सहा माझ्या शब्दावर गटात आली. मशीन आहे, आता कुणी फसवणार नाही, असं मी त्यांना सांगितलं होतं."

त्यांनी आवाज चढवला नाही. मला वाटतं चढवला असता तर बरं झालं असतं. मी पाण्याखालच्या चार गाठी मोजल्या आणि ठरवलं की कोड सापडल्याशिवाय वराळ्याला जायचं ते फक्त झोपायला.

तो दिवस बुधवार.

सर्व्हरवर परत बसले. तयार प्रोग्राममधून कोड निघत नाही, पण त्याच्या पोटात काही अक्षरं जशीच्या तशी राहून जातात. तांदळाच्या पोत्यावर गिरणीचं नाव छापलेलं असतं तसं. ती अक्षरं बाहेर काढायची एक कमांड असते. काढली, तर हजारो ओळी. त्यात आम्हाला पाहिजे ते दोन ठिकाणी होतं. एका ओळीत कोठाराचा पत्ता, आणि पत्त्यात खात्याचं नाव: तिसरंघर. दुसऱ्या ओळीत ज्या लॅपटॉपवर प्रोग्राम बनवला त्यावरच्या फोल्डरचा रस्ता, आणि त्यात निलेश-कार्ला.

आधी पत्ता ब्राउझरमध्ये टाकला. उत्तर आलं, असं पान अस्तित्वात नाही.

वंदनाताईंचा चेहरा पडला. मी खूश झाले. खासगी कोठार परक्याला कधीच "कुलूप आहे" असं सांगत नाही, सरळ "नाहीच" म्हणून सांगतं. घरात बसून "साहेब बाहेर गेलेत" असं सांगायची पद्धत आपल्याकडं आहेच. म्हणजे पत्ता खोटाच असेल असं नाही. दार कुणाच्या हातानं उघडतं एवढंच शोधायचं होतं.

"तिसरं घर म्हणजे काय?" मी विचारलं. वंदनाताईंना माहीत नव्हतं. सॉफ्टवेअर झालं तेव्हा त्या सेक्रेटरी नव्हत्या. तात्यांना फोन लावला. ते म्हणाले, "आसंल काय तरी," आणि फोन ठेवला. तो घाईनं ठेवला हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

निलेश म्हणजे प्रोग्राम लिहिणारा मुलगा असणार; गटाच्या वहीत त्याचा जुना नंबर होता, तो बंद. पण कार्ल्यासारख्या गावात माणूस शोधायला नंबर लागत नाही. मी नि वंदनाताई हायवेला उतरलो आणि पहिल्याच टपरीवर विचारलं, कॉम्प्युटर शिकलेला निलेश कुठं भेटेल. टपरीवाल्यानं समोर बोट केलं. निलेश मिसळीच्या हॉटेलच्या गल्ल्यावर बसला होता, कपाळाला घाम, हातात कोथिंबिरीची जुडी.

"सॉफ्टवेअर सोडलं?" मी विचारलं.

"सॉफ्टवेअरनं मला सोडलं. बसा मॅडम, तिखट चालतं का?"

मिसळ चांगली होती. पाणीपाळीचं काम म्हटल्यावर तो हसायला लागला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला त्यानं ते केलं होतं. काम मी नंतर पाहिलं, आणि सांगते, नीटनेटकं होतं. असा मुलगा रस्सा वाढतोय याचं मला वाईट वाटलं. त्याला अजिबात वाटत नव्हतं.

"कोड तुझ्याकडं आहे का?"

"नाही. तेच तर. त्यांनी माझ्याकडं ठेवूच दिला नाही. शेवटच्या दिवशी लॅपटॉपवरून सगळं पुसायला लावलं, समोर बसून. म्हणाले, तुझ्याकडं राहिला तर उद्या एकजण तुला गाठणार आणि पाळी बदलून घेणार."

"आणि ऑनलाइन?"

"खातं मी काढून दिलं. पासवर्ड टाकायची वेळ आली तर मला बाहेर काढलं. बबनभाऊंनी अर्धा टाकला, तात्यांनी अर्धा. एकानं टाकताना दुसरा भिंतीकडं तोंड करून उभा. मी खिडकीतून बघत होतो." तो परत हसला. "सर, म्हणजे मॅडम, मी कॉलेजात सिक्युरिटी शिकलो, पण असलं कुठल्या पुस्तकात नव्हतं. मग दोघांनी आपापला अर्धा कागदावर लिहिला, पाकिटात घातला, आणि दोन्ही पाकिटं त्या मावशींच्या डब्यात."

"कुठल्या मावशी?"

"नाव विसरलो. ओढ्याच्या पलीकडं शेवटचं घर. गुळाचा कोरा चहा दिला होता. खातंही त्यांच्याच मोबाइल नंबरावर आहे."

मी वंदनाताईंकडं पाहिलं. "सुमनमावशी," त्या म्हणाल्या. "अंगणवाडीत होत्या. पण त्यांचं तर पाइपलाइनीवर रानच नाही."

"म्हणून तर," निलेश म्हणाला.

परतीच्या वाटेत वंदनाताईंनी सासूला फोन करून उलगडा करून घेतला. गावजेवणाची मोठी पातेली, पराती, झारे ज्या खोलीत ठेवतात तिची किल्ली वर्षानुवर्षं सुमनमावशींच्या घरी असते. मावशींच्या सासूच्या वेळेपासून. वरच्या आळीनं ठेवली तर खालची म्हणणार भांडी पळवली, खालच्या आळीनं ठेवली तर वरची म्हणणार. बौद्धवाड्यातलं ते घर दोन्हींपैकी कुणाच्याच भावकीत नाही. म्हणून ज्यावर भांडण होईल ते तिथं ठेवायचं. तिसरं घर ते. एके काळी याच घरच्या माणसांना त्या भांड्यांना हात लावू देत नव्हते, हेही सासूबाईंनी फोनवर सांगितलं, आणि मग म्हणाल्या की आता तसं न्हाई. आमच्या घरातही असल्या गोष्टी सांगितल्या जातात.

सुमनमावशी अंगणात मिरच्या निवडत होत्या. मी जयभीम घातला, त्यांनी निरखून पाहिलं, कुठली, कुणाची, माहेर कुठलं, एवढं विचारून घेतलं आणि आत बसवलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पत्र्याचा ट्रंकेसारखा डबा.

मी सगळं सांगितलं. पंपहाऊसचा डबा जळाला, कोड पाहिजे, शेवटाला पाणी नाही, शेततळ्यात चार दिवसांचं उरलंय.

"व्हय, पाकिटं हायेत," मावशी म्हणाल्या. "दोगांना घिऊन ये. देती."

"मावशी, दोघं एकत्र येत नाहीत."

"मंग न्हाई देता येत."

वंदनाताईंनी विनवलं. मावशींनी त्यांच्या हातावर हात ठेवला, पण उत्तर बदललं नाही. तेवढ्यात माझं लक्ष खाटेवरच्या मोबाइलकडं गेलं. खातं त्याच नंबरावर होतं. "पासवर्ड विसरलात?" दाबलं असतं तर याच फोनवर सहा आकडे आले असते आणि दोन मिनिटांत मी नवा पासवर्ड केला असता. पाकिटांची गरजच नव्हती. दोन्ही पुढाऱ्यांनी भिंतीकडं तोंड करून जे केलं होतं ते या एका फोनमुळं फुकट होतं, आणि हे गावात फक्त मला कळत होतं.

मी तसं मावशींना सांगितलं. लपवून करायचं नव्हतं मला. "तुमच्या फोनवर आकडे येतील, तेवढे सांगा. काम होईल."

त्यांनी मिरचीचं देठ खुडून बाजूला ठेवलं. "पाकिटं न फोडता कुलूप उगडंल?"

"हो."

"आन त्या दोगांना कळायचं न्हाई?"

"नाही कळणार."

"मंग नगं."

मला राग आला. सरळ सांगते, चांगलाच आला. एका बाजूला वाळत चाललेली सात घरांची रानं आणि दुसऱ्या बाजूला ही बाई नियम सांगत बसलीय. मी म्हणाले, "मावशी, चांगल्या कामासाठी आहे."

"पोरी, भांडी मागाया येणारा परत्येक जण चांगल्या कामालाच मागतू," त्या म्हणाल्या. "आज तुज्यासाटी उगडलं तर उद्या माज्या घरी कोन काय ठिवंल?"

हिंजवडीत मी एका मोठ्या कंपनीची सिस्टिम सांभाळायचे. तिथं नियम होता की कुठलाही बदल दोघांच्या मंजुरीशिवाय करायचा नाही. आम्ही एकमेकांचे पासवर्ड सांगून तो नियम रोज मोडायचो. मिरच्यांच्या ढिगासमोर बसून मला ते आठवलं आणि राग उतरला.

"उद्या दोघांना आणते," मी म्हणाले.

"आन," मावशी म्हणाल्या. "च्या ठिवती."

गुरुवारी सकाळी आधी तात्या. त्यांचं रान मधोमध, दंडेली करून का होईना, पाणी मिळत होतं. पण शेवटाची सातही घरं त्यांच्याच आळीतली. त्यांना तोंड दाखवायचं होतं. "त्यो येनार आसंल तर मी येतो," ते म्हणाले. "पर आदी त्यो आला पायजे. मी जाऊन बसायचा आन त्यो यायचा न्हाई, आसं नगं."

बबनभाऊ अवघड. त्यांचं रान पाइपच्या तोंडाशी. मेन व्हॉल्व्ह त्यांच्या बांधाला लागून. मी गेले तेव्हा ते त्या व्हॉल्व्हशेजारीच दगडावर बसले होते.

"बंद पडलं तर पडलं," ते म्हणाले. "मशीन यायच्या आदी आमी जेवत न्हवतो का?"

मी लॅपटॉप उघडला. सर्व्हरवर जुन्या पाळ्यांची नोंद होती, चार वर्षांची, मिनिटासकट. त्यांच्या शेताची ओळ दाखवली. ठरल्यापेक्षा एक मिनिट जास्त नाही, एक मिनिट कमी नाही.

"भाऊ, या चार वर्षांत तुमच्यावर पाण्यावरून कुणी बोट दाखवलं?"

"न्हाई."

"आणि त्याआधी?"

त्यांनी व्हॉल्व्हवरची धूळ पुसली आणि म्हणाले, "माज्या पोरीच्या हळदीला खालच्या आळीतली एक बाई आली न्हवती. का, तर बबन्या पानी तोडतो. व्हॉल्व्ह माज्या बांधाला ना. मी तोडत न्हवतो, म्याडम. तोडलं आसतं तर सांगून तोडलं आसतं."

"मग सोमवारपासून कोण तोडतंय?"

"लय हात हायेत. कुणाकुणाचं नाव घिऊ?"

"नाव कुणाचंही असो. शेवटाची झाडं मेली की शिवी कुणाला बसणार?"

ते दगडावरून उठले नाहीत. मीही उठले नाही. चिकटपणा हा माझा एकच गुण आहे, तिथं तो उपयोगी पडला. उन्हं अंगावर आली तेव्हा त्यांनी टोपी झटकली आणि विचारलं, "किती वाजता यायचं?"

दुपारी दोनला बबनभाऊ आले. तात्या ओढ्याच्या अलीकडं बाभळीखाली उभे होते. बबनभाऊ आत गेल्याचं पाहून मग आले. मावशींनी डबा पुढ्यात घेतला, किल्ली कमरेच्या पिशवीतून काढली, आणि दोघांना पाकिटावरची आपापली सही बघायला लावली. दोघांनी पाहिली. पाकिटं फुटली.

"आता एकानं पहिला अर्धा टाका, मग दुसऱ्यानं," मी लॅपटॉप पुढं करत म्हणाले.

"पयला माजा," बबनभाऊ म्हणाले.

"पयला माजा व्हता," तात्या म्हणाले.

दोन्ही क्रमांनी टाकून पाहिलं तर एका मिनिटाचं काम, असं मी सांगितलं. पण ते मिनिटाचं काम नव्हतंच. आधी कुणाचं, हाच सवाल होता, आणि तो पासवर्डपेक्षा जुना होता. पंचवीस मिनिटं गेली. मी घड्याळ बघत होते. वंदनाताई दारात उभ्या राहून पदराचं टोक पिळत होत्या.

मावशी चहा घेऊन आल्या. "जत्रंतली पयली पंगत एक साल वरच्या आळीची, एक साल खालच्या आळीची," त्या शांतपणे म्हणाल्या. "ज्या साली ह्ये पाकिट ठिवलं त्या साली पयली पंगत वरची व्हती. भांड्याची किल्ली मीच दिलती बबनला. त्याच दिशी ठरलं व्हतं, पंगतीपरमानं. तात्या, तुला आटवत न्हाई?"

तात्यांनी मनात सालं मोजली. मग मान हलवली. "व्हय. तवा वरच्यांचीच व्हती."

बबनभाऊंनी डाव्या हातानं कीबोर्ड झाकून एका बोटानं अर्धा टाकला. तात्या न सांगताच भिंतीकडं वळले होते. मग तात्यांनी टाकला आणि बबनभाऊंनी तसबिरीकडं तोंड केलं. मी बटण दाबलं.

पासवर्ड चुकीचा.

दोघांनी एकमेकांकडं जे पाहिलं ते मला समजलं. यानं मुद्दाम खोटा टाकला. अजून एका शब्दानं दोघंही उठून गेले असते आणि परत कधी आले नसते. मी कीबोर्डवर वाकले. कॅप्स लॉकचा बारीक दिवा लागला होता. कीबोर्ड झाकताना बबनभाऊंच्या तळहाताचा दाब पडला होता.

"चूक कुणाचीच नाही," मी म्हणाले, "हे बटण दाबलं गेलं. परत टाका." माझा आवाज मलाच जरा मोठा वाटला.

दोघांनी परत टाकला. तोच क्रम, तशाच पाठी. खाटेवर मावशींचा मोबाइल वाजला. खात्री करायला आलेले सहा आकडे त्यांनी चष्मा लावून, अंगणवाडीत शिकवावे तसे एकेक करून वाचले. आणि दार उघडलं. निलेशचा कोड समोर होता. शेवटच्या बदलाला चार वर्षं झाली होती.

तात्या मागून म्हणाले, "हाय का त्यात सगळं?"

"आहे."

"शेवटाच्या सात घरांची मिनिटं?"

मी ती ओळ शोधून दाखवली. त्यांनी बोट लावून वाचली. बबनभाऊंनीही वाचली. मग दोघांनी कागद नव्या पाकिटात घातले, सह्या केल्या, आणि डब्याला कुलूप लागलं.

बदल शुक्रवारी दुपारी झाला. चाचणीत नव्या डब्यानं पहिल्यांदा भलताच व्हॉल्व्ह उघडला, ती चूक माझी होती, निस्तरली. शनिवारी सकाळी पावणेसहाला अडतीस मोबाइलवर मेसेज गेला. साडेसातला वंदनाताईंचा फोन आला. पलीकडं पाइपातून पाणी पडल्याचा आवाज येत होता. बांबूवर पाण्याखाली एकच गाठ उरली होती, हे त्यांनी नंतर सांगितलं.

यातून धडा काय, असं नवी मुलं विचारतात. धडा साधा आहे. सॉफ्टवेअर करून घ्याल तेव्हा कोड कुठं आहे, खातं कुणाच्या नावावर आहे आणि आकडे कुणाच्या फोनवर येतात, या तीन गोष्टी कागदावर लिहा आणि तो कागद चारचौघांना दिसेल असा लावा. पंपहाऊसच्या भिंतीवर आता तसा कागद आहे. त्यावर पासवर्ड नाही, फक्त घराचा रस्ता आहे, आणि खाली लिहिलंय, दोघांनी मिळून जावं. त्या फोनमुळं पाकिटं फोल ठरतात हेही मी दोन्ही आळ्यांना समजावून सांगितलं आणि नवी, जास्त पक्की व्यवस्था सुचवली. दोन्ही आळ्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, फोन मावशींचाच आहे ना, मग राहू द्या.

शेवटचा चहा प्यायला मी मावशींकडं गेले. मिरच्या वाळून लाल झाल्या होत्या.

"पोरी, एक सांग," त्या म्हणाल्या. "त्यो कोड का काय, ते ठिवलंय कुटं नक्की?"

"ऑनलाइन, मावशी."

"ऑनलाइन म्हंजी? कुणाच्या घरात?"

मी सर्व्हर, डेटा सेंटर, परदेश, असं काहीबाही सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"तुमच्या," मी म्हणाले.